भीमगीतांचे श्रोते

प्रतिवर्षी 14 जानेवारीस छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर मराठवाड्याच्या गावोगावची माणसे लोटतात. 1994 साली याच दिवशी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे नाव मिळाले; त्या घटनेच्या स्मरणार्थ हा मेळा भरतो. पुस्तकांची दुकाने, तसबिरी, निळे झेंडे, आणि या सर्वांवर तरंगणारे गाणे! एका व्यासपीठावर पेटी-ढोलकीच्या साथीने कोणी शाहीर गात असतो. पलीकडून ध्वनिवर्धकांची उतरंड रचलेली गाडी बहुधा तेच गीत दसपट आवाजात वाजवीत जाते. व्यासपीठापुढे पिकल्या केसांची मंडळी मांडी घालून बसलेली, तर गाडीपुढे तरुण नाचत असलेले. गीत एकच, पण श्रोते दोन प्रकारचे, आणि परस्परांविषयी थोडे साशंक. वडीलधाऱ्यांस वाटते की पोरांना गाणे कळत नाही, आणि पोरांस वाटते की वडीलधाऱ्यांना काळ कळत नाही. हा वाद आजचा नाही. या गीतांच्या सुमारे नव्वद वर्षांच्या इतिहासात तो निरनिराळ्या रूपांनी पुनःपुन्हा उपस्थित झालेला आहे.

भीमगीतांचा उगम आंबेडकरी जलशात आहे आणि जलशाचा उगम सत्यशोधक जलशात. जोतीराव फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या समाजाच्या प्रचारकांनी पुढे तमाशाचा साचा उचलला, त्यातील गण-गवळणीचा रंग पालटला आणि बहुजनांच्या करमणुकीतून त्यांस शहाणे करण्याचा उपक्रम मांडला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 साली आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचा 1930 साली झाला. त्यानंतर थोड्याच काळात नाशिककडील भीमराव कर्डक यांनी आपला जलसा उभा केला. ढोलकी, तुणतुणे, झांज एवढ्या सामग्रीवर हे कलावंत रात्रीच्या रात्री जागवीत. संवादातून आणि पदांतून सांगत ते काय? मुलास शाळेत घाला, दारू सोडा, मृत जनावराचे मांस खाऊ नका, वंशपरंपरेची गावकी टाकून द्या. डॉ. आंबेडकर स्वतः आपल्या अनेक भाषणांपेक्षा शाहिराच्या एका गाण्याचा प्रभाव अधिक मानीत, अशी आठवण त्या परंपरेत आवर्जून सांगितली जाते. ज्या श्रोत्यास अक्षर येत नव्हते त्यास हे गाणे म्हणजे शाळा होती. करमणूक हे तिचे केवळ आवार. आणि तरीही तमाशाच्या चाली सद्विचारास शोभत नाहीत, असे नाक मुरडणारे त्या काळीही होतेच.

औरंगाबाद जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, आणि 17 सप्टेंबर 1948 पर्यंत तो तेथेच राहिला. तथापि कन्नडजवळच्या मक्रणपूर येथे 30 डिसेंबर 1938 रोजी भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने आणि डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत परिषद भरली होती. चळवळीचे वारे या प्रांतात राज्य पालटण्यापूर्वीच पोहोचले होते.

पुरुषांच्या या जलशाबरोबर एक दुसरी धार वाहत होती, तिला व्यासपीठ नव्हते. ती जात्यावरची. हेमा राईरकर आणि गी पॉईटेव्हिन यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत 1996 साली बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात नोंदलेल्या ओव्या आहेत. या बायांनी भीमरायास नात्यात घेतले आहे. जी ओवी पूर्वी माहेरच्या भावासाठी गायली जाई, तीच त्यांच्यासाठी गायली गेली. जलशाचा श्रोता त्यांस पुढारी म्हणून ऐकत होता. दळणारीने त्यांस भाऊ करून घरात आणले. शिकलेल्या मंडळींनी इतिहास लिहिताना या दुसऱ्या धारेकडे फारसे लक्ष दिले नाही, हे नमूद केले पाहिजे.

या दोन्ही धारा ज्यांच्या ठायी एकत्र आल्या ते वामनदादा कर्डक. त्यांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे झाला. मुंबईत गिरणीत आणि मिळेल तेथे काम करणाऱ्या या तरुणापुढे एकदा कोणी पत्र वाचावयास धरले. ते वाचता न आल्याची लाज त्यांच्या जिव्हारी लागली आणि मग मोठेपणी त्यांनी अक्षरे शिकून घेतली. 1943 पासून ते गीते रचू लागले आणि 15 मे 2004 रोजी देहावसान होईपर्यंत गावोगाव फिरून गात राहिले. लोकगीताची चाल, कव्वालीची चाल, चित्रपटातील चाल, जी ओठांवर असेल ती त्यांस चाले. चित्रपटाची चाल वापरल्याबद्दल जुन्या जलशाचे अभिमानी कुरकुरले असतील तर नवल नाही; पण त्या चालीमुळेच त्यांचे गीत एका रात्रीत पाठ होई. गीताच्या शेवटच्या कडव्यात संतांच्या अभंगाप्रमाणे आपले नाव गुंफण्याची रीत त्यांनी कसोशीने पाळली. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे धर्मांतर झाले, आणि त्याच वर्षी 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. येथून गीतांचा भाव बदलला. उपदेशाच्या जागी वियोग आला, बुद्धवंदना आली, रमाईची आठवण आली. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, नागोराव पाटणकर, प्रल्हाद शिंदे अशा गायकांचे कव्वालीचे सामने रंगू लागले. ज्यांच्या लहानपणी हे सामने झाले, त्यांस आजही भीमगीत म्हटले की मांडवात बापाच्या मांडीवर जागून काढलेली रात्र आठवते.

औरंगाबादेत मात्र याच वेळी एक निराळी पिढी घडत होती. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली येथे महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय आणि त्याचा परिसर म्हणजे नागसेनवन. खेड्यांतून आलेली मुले तेथील वसतिगृहांत राहून पदवीधर झाली. साठच्या दशकाच्या अखेरीस डॉ. गंगाधर पानतावणे यांनी याच शहरातून ‘अस्मितादर्श’ चालविले आणि दलित साहित्यास एक पीठ मिळवून दिले. जलशाने ज्यांच्या बापांस शाळेचा मार्ग दाखविला, ते आता स्वतः लिहू लागले होते. गंमत अशी की छापील कवितेची चर्चा परिसंवादांतून झाली, पण गाणाऱ्या कवीस साहित्यिक म्हणण्यास मराठी वाङ्मयाचे दरबार दीर्घकाळ कचरले. पदवीधरास गाणे थोडे बाळबोध वाटू लागले असेल. शाळा संपली की धुळाक्षरांची पाटी अडगळीत जाते, तसे.

ती पाटी पुन्हा बाहेर काढावी लागली 1978 साली. विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव 27 जुलै 1978 रोजी राज्याच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडून निघाली. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांचा वध झाला. पुढल्या वर्षी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपुराहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. ठरावापासून अंमलबजावणीपर्यंत सुमारे साडेपंधरा वर्षे गेली. अंमल होण्याच्या अवघे काही आठवडे आधी, नोव्हेंबर 1993 मध्ये, नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले.

त्या काळात गीताचे काम काय होते, हे समजून घेतल्यावाचून आजच्या वृद्ध श्रोत्याचा हट्ट समजणार नाही. वर्तमानपत्रे सर्वांचे ऐकत नव्हती आणि सर्वांच्या घरी येतही नव्हती. कोठे कोण पडला हे गाण्यातून कळे. हुतात्म्यांची नावे कडव्यांत ओवली गेली. एखाद्या वस्तीचे दुःख शाहिरामार्फत दहा वस्त्यांत गेले. ज्या गावी घरे जळाली त्या गावी पुन्हा ढोलकीवर थाप पडणे, हीच वस्ती जिवंत असल्याची ग्वाही होती. तेव्हा ज्यांनी ते गाणे ऐकले, ते आजही शब्दासाठी कान टवकारतात. एक नाव गाळले गेले तर एक माणूस गाळला जातो, असा तो हिशेब आहे.

दरम्यान ध्वनिफीत आली. 1980 नंतर फिती स्वस्त झाल्या, आणि जे गाणे ऐकण्यासाठी पाच कोस चालावे लागे ते बाजारातून घरी आणता येऊ लागले. प्रल्हाद शिंदे यांचे पुत्र आनंद व मिलिंद यांचे आवाज चहाच्या हॉटेलांतून आणि लग्नाच्या मांडवांतून घुमले; नातू आदर्श यांच्यापर्यंत तो वारसा चालत आला आहे. गाणे विकत मिळू लागले की त्याचे मोल घटते काय? हा प्रश्न केवळ आपलाच नाही. नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेच्या सिएटल शहरात ‘ग्रंज’ नावाचे खरखरीत, खिन्न संगीत उदयास आले होते. ‘निर्वाणा’ या वृंदाची 1991 सालची ध्वनिमुद्रिका जगभर खपली, आणि लहानशा दिवाणखान्यांत ते ऐकणारे जुने चाहते हळहळले की आपले गाणे दुकानात गेले. त्या वृंदाचा गायक कर्ट कोबेन 1994 च्या एप्रिलमध्ये आत्महत्या करून गेला. त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेली मुले आज त्याचे चित्र असलेला सदरा घालतात. साम्य येथवरच. ते गाणे मुख्यतः एकट्या तरुणाच्या वैतागाचे होते, तर भीमगीत संपूर्ण वस्तीचे. म्हणून दुकानात जाऊनही ते वस्तीतून उठले नाही.

याचा पुरावा याच शहरात आहे. कडूबाई खरात यांस एकतारी वडिलांकडून मिळाली. पतिनिधनानंतर मुलांना वाढविण्यासाठी त्या दारोदार गात हिंडल्या, आधी भजने आणि पुढे भीमगीते. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात कोणी त्यांचे गाणे भ्रमणध्वनीवर चित्रित केले आणि ते लाखो लोकांपर्यंत पोहोचले. एक तार, एक बाई, एक आवाज! नव्या यंत्राने जुन्यात जुने वाद्य उचलून धरावे, ही घटना मोठ्या ध्वनिवर्धकांच्या भोक्त्यांनी आणि निंदकांनी सारखीच ध्यानात घेण्यासारखी आहे. तिला ऐकणाऱ्यांत विशीतली मुले अगणित आहेत.

तेव्हा तरुणांस शब्द कळत नाहीत हा आरोप सरसकट खरा नाही. त्यांस गाणे फुकट मिळाले हाही खरा नाही. मे 2015 मध्ये शिर्डी येथे भ्रमणध्वनीवर भीमगीताची धून वाजली. त्यावरून उद्भवलेल्या भांडणातून एका विद्यार्थ्याचा खून झाला, असे ते प्रकरण महाराष्ट्रभर गाजले. ज्या देशात खिशातली धून प्राण घेऊ शकते, तेथे तीच धून चौकात छातीचे ठोके चुकतील इतक्या मोठ्याने वाजवावी, असे एखाद्या तरुणास वाटले तर त्यामागे नुसती हौस आहे असे म्हणवत नाही. आजोबांनी जे गाणे दबक्या आवाजात म्हटले, ते नातू दडपणाशिवाय वाजवितो. त्याच्या लेखी आवाज हाच अर्थ आहे.

वडीलधाऱ्यांची एक तक्रार मात्र उरते, आणि ती बिनतोड आहे. गाडीवर गीत वाजते ते तुकड्यांनी. धृपद येते, एखादे कडवे येते, मग ठेका पुढच्या गाण्यात मिसळतो. शेवटचे कडवे क्वचितच वाजते. आणि कवीचे नाव तर शेवटच्या कडव्यात असते. नावासाठी साडेपंधरा वर्षे झगडलेल्या शहरात गीतकाराचे नाव असे नकळत गळून पडते. वामनदादांची गीते पाठ असलेल्या कित्येक तरुणांस ती कोणाची हे सांगता येत नाही, आणि ज्या शाहिरांच्या वह्या छापल्याच गेल्या नाहीत त्यांचे तर विचारावयासच नको.

प्रवेशद्वारासमोर रात्र चढते तशा गाड्या पांगतात. व्यासपीठावरचा शाहीर तेव्हाही गात असतो, कारण त्याचे गीत अजून संपलेले नसते. नाचून दमलेली काही मुले मांडवाच्या कडेला येऊन टेकतात. तो शेवटच्या कडव्याशी येतो, कवीच्या नावावर किंचित थांबतो, आणि पुढे बसलेली म्हातारी माणसे ते नाव त्याच्याआधीच उच्चारतात.