कानातल्या सप्तकाचा माग

पॅरिसचा शरीररचनाशास्त्रज्ञ द्यूव्हर्ने यानं १६८३ साली कानावर एक ग्रंथ लिहिला. अंतर्कर्णातल्या वेटोळ्या नळीत, म्हणजे कॉक्लियात, प्रत्येक स्वराची जागा ठरलेली असते, असा विचार त्यानं त्यात मांडला. खालचे स्वर नळीच्या तोंडाशी, वरचे आत टोकाशी. नळीत फिरत जाणारी हाडाची पट्टी तोंडाशी रुंद आणि टोकाकडे अरुंद होत जाते, आणि रुंद वस्तू सावकाश कंप पावते, म्हणून हा क्रम. तर्कात खोट काढायला जागा नव्हती. फक्त कंप पावत होती ती वस्तू हाडाची नव्हती. त्या हाडाच्या कडेला जोडलेला पातळ पडदा नेमका उलटा असतो, तोंडाशी अरुंद आणि टोकाशी रुंद. व्हिक्टर हेन्सेननं तो मोजून दाखवला १८६३ साली. तेव्हा कुठे नकाशा सुलटा झाला: आत शिरताच तार सप्तक, आणि शेवटच्या वेढ्यात खर्ज.

दिशा चुकली तरी ‘स्वराला जागा असते’ हे द्यूव्हर्नेचं म्हणणं मला फार मोठं वाटतं. पुढच्या साडेतीनशे वर्षांत ते का खरं आहे याची स्पष्टीकरणं एकामागून एक पडली, ते स्वतः मात्र पडलं नाही.

सगळ्यात देखणं स्पष्टीकरण जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्त्झचं. आल्फोन्सो कोर्ती या इटालियन संशोधकानं १८५१ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली त्या पडद्यावरच्या पेशींची आणि इवल्याशा कमानींची रांग पाहिली होती. हेल्महोल्त्झनं त्या रांगेत वाद्य पाहिलं. तो दाखला देई पियानोचा. आपल्याकडे सतारीच्या किंवा सारंगीच्या तरफा ऐकलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. बाहेर जो सूर लागेल, त्याच सुराची तार आपणहून झणकारते. आधी त्यानं हा मान कोर्तीच्या कमानींना दिला. पण पक्ष्यांच्या कानात त्या कमानी नसतात, आणि पक्ष्यांना सुरांची जाण नाही असं कोण म्हणेल? मग तारांचं काम त्यानं पडद्यातल्या आडव्या तंतूंवर सोपवलं.

तार झणकारायची तर ती ताणलेली हवी. पडदा खरंच ताणलेला आहे का, हे तपासलं गेऑर्ग फॉन बेकेशीनं. हा काही वैद्य नव्हता. बुडापेस्टमध्ये हंगेरीच्या टपाल-तार खात्याच्या प्रयोगशाळेत तो टेलिफोनवर काम करत होता, आणि टेलिफोन सुधारायचा तर ऐकणारा कान कसा चालतो हे कळायला हवं, या वाटेनं तो कानाकडे वळला. मृतांच्या कानशिलाचं हाड, जे शरीरातल्या सर्वांत कठीण हाडांपैकी एक आहे, ते पाण्याखाली धरून तो बारीक हत्यारांनी कोरत जाई आणि पडदा उघडा पाडी. मग त्या पडद्याला त्यानं बारीकशी चीर दिली. ताणलेल्या कापडाला चीर दिली की ती फाकते. ही फाकली नाही. बारीक टोकानं पडदा दाबला तर खळगाही जवळजवळ गोल पडला; आडवा ताण असता तर तो लांबट पडायला हवा होता. तारांचा सिद्धांत तिथेच संपला. एवढ्या साध्या, हातानं करायच्या तपासणीवर एक भव्य कल्पना बाद व्हावी, हे मला आजही विलक्षण वाटतं.

पडदा हलतो कसा हे पाहायला त्यानं आत चांदीचे सूक्ष्म कण पेरले आणि लुकलुकत्या प्रकाशात, सूक्ष्मदर्शकातून, ती हालचाल थोपवून पाहिली. दिसली ती लाट. प्रत्येक स्वराची लाट तोंडापासूनच निघते, वाढत जाते, आपल्या जागी सर्वांत उंच होते आणि लगेच विरते. पडदा तोंडाशी ताठ असतो आणि टोकाशी शंभर पटींहून अधिक लवचीक, म्हणून वरचे स्वर लवकर थांबतात, खालचे लांबवर जातात. माणसापुरतं न थांबता त्यानं हत्तीचा कानही तपासला. १९६१चं नोबेल त्याला यासाठीच मिळालं.

पण त्याचे कान मृतांचे होते, आणि त्यांतल्या लाटांचे माथे पसरट होते. जिवंत कानाला हजार हर्ट्झच्या आसपास दोन-तीन हर्ट्झचा फरकही कळतो. कान स्वतः आवाजात शक्ती भरत असला पाहिजे, असं थॉमस गोल्डनं १९४८ मध्ये म्हटलं. फार कुणी मनावर घेतलं नाही. १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्पनं माणसाच्या कानात छोटा मायक्रोफोन ठेवला आणि कानातून परत येणारा आवाज पकडला. ही शक्ती भरतात पडद्यावरच्या पेशींपैकी बाहेरच्या केसपेशी: त्या लांब-आखूड होऊन लाट आपल्या जागी उंचावतात. आज नवजात बाळाची श्रवणचाचणी याच परतीच्या आवाजावर चालते. वयानुसार या पेशी आधी मरतात त्या तोंडाजवळच्या, वरच्या स्वरांच्या. म्हणून घरातली म्हातारी माणसं म्हणतात, ‘आवाज येतो रे, पण शब्द कळत नाहीत.’ स, श, थ, फ यांना ओळख देणारी फुसफुस त्या वरच्या पट्टीतच असते.

श्रवणचेतेतून हा क्रम न विस्कटता मेंदूत जातो. वूल्सी आणि वॉल्झल यांनी १९४२ मध्ये मांजराच्या कॉक्लियात जागोजागी विजेचा सूक्ष्म झटका दिला. मेंदूच्या पृष्ठभागावर त्याच क्रमानं प्रतिसाद उमटले. माणसाच्या मेंदूत हे कवटी न उघडता, चुंबकीय मोजणीनं, १९८२ मध्ये दिसलं, आणि तिथे प्रत्येक सप्तकाला जवळजवळ सारखीच जागा मिळालेली होती.

तरीही स्वर म्हणजे निव्वळ जागा नव्हे. जुन्या टेलिफोनमधून सुमारे ३०० हर्ट्झच्या खालचं काहीच जात नसे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर बहुधा शंभर-सव्वाशेचा, म्हणजे तो तारेतून येतच नव्हता. तरी आवाज बाईचा वाटत नसे. वरच्या स्वरकांच्या, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतल्या स्वरांच्या, अंतरांवरून मेंदू मूळ स्वर उभा करतो. भौतिकशास्त्रज्ञ झेबेकनं १८४१ मध्ये भोकं पाडलेल्या फिरत्या चकतीच्या सायरननं हे दाखवलं, ओमनं ते नाकारलं, आणि हेल्महोल्त्झ ओमच्या बाजूला राहिला. २००५ मध्ये बेंडॉर आणि वांग यांना मार्मोसेट माकडाच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या मूळ स्वर हजर असो वा नसो, त्यालाच दाद देतात. त्या आहेत मेंदूतल्या खर्जाच्या सीमेजवळ.

या सगळ्याची कसोटी लागते ती कॉक्लियर इम्प्लांटमध्ये. केसपेशी गेलेल्या कानात शल्यविशारद वीसेक विद्युतअग्रांची बारीक तार तोंडाकडून आत सरकवतो. तोंडाजवळच्या अग्रांना वरच्या वारंवारता, आतल्यांना खालच्या. द्यूव्हर्नेची दिशा धरली असती तर सगळं उलटं जोडलं गेलं असतं. बोलणं त्यातून चांगलं समजतं, लहानपणी बसवलेली मुलं तर बोलायलाही शिकतात. गाणं मात्र अवघड जातं. तार बहुधा शेवटच्या वेढ्यापर्यंत पोचत नाही, वीज शेजारच्या जागांत पसरते, आणि जिथे हजारो केसपेशी होत्या तिथे वीसेक अग्रं असतात. ताल नीट कळतो. सूर कुठून कुठे गेला, हे सांगणं त्या ऐकणाऱ्याला अजून कठीणच जातं.