बिरारुंगच्या काठी

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरातून वाहणारी नदी जगाला 'यारा' या नावाने ठाऊक आहे. १८३५ साली जॉन हेल्डर वेज नावाचा मोजणीदार तिच्या काठी आला, तेव्हा सोबतच्या दोघा आदिवासींनी पाण्याकडे बोट करून 'यारो यारो' असे शब्द उच्चारले. हेच नदीचे नाव समजून त्याने ते टिपून घेतले. कोसळणाऱ्या पाण्याला उद्देशून ते लोक हे शब्द वापरतात, हे त्याला मागाहून उमगले. परंतु नाव रूढ झाले ते झालेच. हजारो वर्षे तिच्या काठी नांदलेल्या वुरुंजेरी लोकांची ती 'बिरारुंग'. ऐकण्यातील ही चूक क्षुल्लक वाटेल. पण या नदीकाठचा पुढचा बराचसा इतिहास नीट ऐकून न घेतल्यामुळेच घडला, असे आम्हांस वाटते.

हा इतिहास पाहायचा तर डाइट्स फॉल्सपासून प्रवाहाच्या दिशेने ॲबट्सफर्डच्या जुन्या मठापर्यंत जाणारी पायवाट धरावी. तासाभरात ती सहज चालून होते. डाइट्स फॉल्सपाशी मेरी नावाचा ओढा नदीला मिळतो. नाव ऐकून आपणांस पवित्र मरियेची आठवण व्हावी, हे साहजिक आहे. परंतु हा शब्द तेथील भाषेतला असून त्याचा अर्थ 'खडकाळ' असा आहे. एका तीरावर प्राचीन समुद्रतळाच्या गाळातून बनलेली दरड, तर दुसऱ्या तीरावर आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्ह्याचा काळा कातळ. या संगमाच्या परिसरात कुलिन समाजाचे गण एकत्र जमत. नदीत मासे व ईल मिळत आणि माळरानावर 'मुर्नाँग' नावाचा पिवळ्या फुलांचा कंद. काठीने कंद उकरणे हे स्त्रियांचे काम. त्या उकरण्याने माती भुसभुशीत राही व पुढचे पीक जोमाने येई.

जून १८३५ मध्ये जॉन बॅटमन याने या नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी कुलिन पुढाऱ्यांशी करार केला. ब्लँकेटे, कुऱ्हाडी, सुऱ्या, आरसे, पीठ अशा वस्तूंच्या मोबदल्यात सुमारे सहा लाख एकर जमीन विकत मिळाली, अशी त्याची समजूत. कुलिन लोकांमध्ये मात्र पाहुण्याला काही काळ आपल्या भूमीत राहू देण्याचा 'तांडेरम' नावाचा विधी होता. त्यांनी हा व्यवहार तसाच मानला असावा, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. ऑगस्टमध्ये गव्हर्नर बर्क यांनी ही सारी भूमी ब्रिटिश राजसत्तेची आहे, असे जाहीर करून करार रद्द ठरविला. मूळ धनी दोन्ही वेळा अनुत्तरित राहिले. मेंढ्यांचे कळप आले आणि काही वर्षांतच मुर्नाँगचे माळ उजाड झाले.

तरीही वुरुंजेरींचे पुढारी बिलिबेलरी यांनी मनाची दारे मिटली नाहीत. १८४५ मध्ये बाप्तिस्त मंडळींनी या संगमाजवळ आदिवासी मुलांसाठी शाळा काढली, तेव्हा त्यांनी आपल्या गणातील मुले तिथे पाठविली. नव्या जगात टिकायचे तर त्याची विद्या शिकावी लागेल, हे त्यांनी ओळखले असावे. पण ऑगस्ट १८४६ मध्ये ते निवर्तले. मृत्यू घडलेली जागा सोडून जाणे ही त्या लोकांची रीत. गण हलला आणि शाळेतील मुलेही पांगली. १८५१ मध्ये शाळा बंद पडली. शिक्षकांच्या सद्हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु शिकवायला आलेल्यांनी त्या लोकांचे शोक, त्यांच्या रीती, त्यांची भूमीवरची माया यांच्याकडून काही शिकावयाचे आहे, हे मनात आणले नाही.

पुढे पायवाट मठापाशी येते. १८६३ मध्ये गुड शेफर्ड संस्थेच्या धर्मभगिनींनी येथे कार्य आरंभिले. निराधार स्त्रियांना व मुलींना त्यांनी आसरा दिला. त्याचबरोबर येथील धुलाईगृहात अनेकींनी वर्षानुवर्षे राबून दिवस काढले, हेही विसरता येत नाही. १९७० च्या दशकात मठ बंद झाला. देशभरातील अशा आश्रमगृहांतून वाढलेल्यांची ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी २००९ मध्ये जाहीर क्षमा मागितली. त्याच १८६३ साली बिलिबेलरींचे पुत्र सायमन वोंगा व त्यांचे आप्त विल्यम बराक आपल्या लोकांना घेऊन याच नदीच्या वरच्या खोऱ्यात कोरँडर्क येथे वसले. त्यांनी शेती उभी केली, हॉप्सचे उत्तम पीक काढले आणि ती भूमी हिरावली जाऊ नये म्हणून मेलबर्नपर्यंत येऊन सरकारकडे दाद मागितली. १९२४ मध्ये ती वसाहतही बंद करण्यात आली.

नदीने मात्र सारे सोसून आपला क्रम सोडलेला नाही. पिठाच्या गिरणीसाठी डाइट यांनी १८४० च्या दशकात बांध घातला आणि माशांची वाट अडली. अलीकडे बांध नव्याने बांधताना शेजारी माशांना चढून जाता येईल असा मार्ग केला आहे; समुद्र व नदी असा प्रवास करणाऱ्या जातींना तो उपकारक ठरतो. संगमाच्या वरच्या अंगाला झाडांवर वटवाघळांची मोठी वसाहत आहे. रात्री दूरवर उडून ती निलगिरीच्या फुलांचे परागीभवन करतात. २०१७ मध्ये व्हिक्टोरिया राज्याने या नदीच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याच्या नावात वुरुंजेरींच्या भाषेतील शब्द आहेत. त्यांचा अर्थ 'बिरारुंगला जिवंत ठेवा'. १८३५ मध्ये ज्यांचे बोलणे समजून घेतले गेले नाही, त्यांची भाषा राज्याच्या कायद्यात उमटली.

पोप जॉन पॉल दुसरे १९८६ मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज येथे आदिवासींना भेटले. आदिवासींनी आपले देणे दिल्याशिवाय आणि इतरांनी ते आनंदाने स्वीकारल्याशिवाय ऑस्ट्रेलियातील ख्रिस्तसभा पूर्णत्वाला जाणार नाही, असा त्यांच्या संदेशाचा आशय होता. प्रभू येशूने आंधळ्या बार्तीमयला बरे करण्यापूर्वी, तुला काय हवे, असे विचारले होते. त्याची गरज प्रभूला दिसत नव्हती काय? तरीही त्याने विचारले आणि उत्तर ऐकून घेतले. सेवाकार्य हाती घेणाऱ्या आपणा सर्वांना, मग ते शाळेत असो, आश्रमात असो वा आदिवासी पाड्यावर, प्रभूचा हा क्रम पाळावा लागेल. आधी ऐकावे, मग हात पुढे करावा.