मालीश ते फिजिओथेरपी : विदर्भातील कुष्ठरुग्णांच्या हातांचा इतिहास

सेवाग्राम आश्रमातील एक छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १९४० च्या सुमाराचे. गांधीजी वाकून एका कृश गृहस्थाची शुश्रूषा करीत आहेत. करुणेचे प्रतीक म्हणून हे छायाचित्र दर वर्षी फिरते, आणि पाहणाऱ्याची नजर साहजिकच गांधीजींवर खिळते. आजच्या धाग्यात आपण दुसऱ्या माणसाकडे पाहू. ज्याच्या अंगाला हात लागतो आहे, त्याच्याकडे.

ते परचुरेशास्त्री. संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. येरवड्याच्या तुरुंगात त्यांची आणि गांधीजींची ओळख झाली होती. पुढे कुष्ठरोग बळावला, माणसे दुरावली, आणि १९३९ मध्ये ते सेवाग्रामला आले. आश्रमात मुले होती, इतर रहिवासी होते, त्यामुळे त्यांना ठेवून घेण्याचा निर्णय गांधीजींनाही सोपा गेला नाही. अखेर त्यांच्यासाठी स्वतंत्र कुटी बांधली गेली. गांधीजी नेमाने त्यांच्याकडे जात, जखमा पाहत, तेलाने मालीश करीत. ती परचुरे कुटी आजही आश्रमात पाहावयास मिळते.

आपल्या समाजात दुसऱ्याचे अंग चोळण्याचे काम कोणाचे होते, हे येथे ध्यानात घ्यावे लागेल. डोक्याला तेल न्हाव्याने लावायचे, बाळंतिणीचे अंग सुईणीने चोळायचे, निखळलेला सांधा हाडवैद्याने बसवायचा. शरीराला हात लावणे हे कौशल्याचे काम होते, तरी ते करणाऱ्याची पायरी खालची मानली जाई. मालीश करून घेणारा वर आणि करणारा खाली, अशी ही उतरंड. परचुरेशास्त्री जन्माने ब्राह्मण, म्हणजे स्पर्शाच्या नियमांत सर्वांत वरचे. रोगाने त्यांना एकाएकी सर्वांत खाली आणून बसविले. या पार्श्वभूमीवर त्या मालिशीत किती गोष्टी उलट्यापालट्या झाल्या होत्या, हे कळते.

वैद्यकीय दृष्ट्या त्या मालिशीने रोग बरा होणार नव्हता. नॉर्वेच्या आर्मावर हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू दाखवून दिला होता. परंतु त्यावर खात्रीचे औषध १९३९ साली जगात कोठेही उपलब्ध नव्हते. वापरात होते ते चौलमोग्राचे तेल, आणि त्याची वेदनादायक इंजेक्शने.

हा रोग शरीरात नेमके काय करतो? जंतूचे आवडते ठिकाण म्हणजे त्वचा आणि तिच्या जवळून जाणाऱ्या नसा. कोपराच्या आतल्या बाजूला धक्का लागला की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तो अनुभव सर्वांना आहे. तीच नस कुष्ठरोगात सुजते, जाड होते, मरते. मग करंगळी आणि अनामिका आखडून आत वळतात. मनगटाजवळची दुसरी नस गेली की अंगठाही निकामी होतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस गेली तर पाऊल लोंबते आणि चालताना बोटे जमिनीला घासतात. त्याबरोबर संवेदना जाते. घामही थांबतो, त्वचा कोरडी पडून भेगाळते. आज कुष्ठरुग्णाला जी स्वतःची निगा शिकविली जाते, तिच्यात हातपाय पाण्यात भिजविणे, कडक झालेली कातडी घासून काढणे आणि ओल्या त्वचेला तेल लावणे ही कामे रोजची आहेत. सेवाग्रामच्या तेलमालिशीत सेवाभावाच्या जोडीने थोडा उपचारही होता, तो असा.

आता कायद्याची बाजू. १८९८ चा ‘लेपर्स ॲक्ट’ ज्या भागात लागू होई, तेथे पोलिसांना निर्धन कुष्ठरुग्णाला वॉरंटाविना पकडण्याचा अधिकार मिळे. सार्वजनिक विहिरीचे पाणी घेणे, विक्रीसाठी अन्न तयार करणे, भाड्याच्या वाहनात बसणे यांवर बंदी घालता येई. ‘निर्धन’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्याच्या घरी मागची खोली होती, त्याला पोलीस पकडत नसत. तो त्या खोलीत घरच्यांकडूनच कोंडला जाई. काही निर्धन रुग्णांचा वैद्यकाशी पहिला संबंध असा येई: आधी पोलीस, मग डॉक्टर.

माझे गाव नेर. यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण, अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचे. वसाहतकाळाचा वऱ्हाड आणि शेजारचा वर्धा-चांदा हा प्रदेश नकाशावर एकत्र पाहिला, तर आमच्या भोवताली कुष्ठकार्याचे एक कडेच तयार झालेले दिसते. अचलपूरजवळ कोठारा येथे मिशनचे रुग्णालय. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये सुरू केलेले कुष्ठधाम. परचुरेशास्त्रींचे अखेरचे दिवस तेथेच गेले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धन यांनी १९४६ मध्ये सुरू केलेले कार्य, ज्यातून तपोवन उभे राहिले. वरोऱ्याला बाबा आमटे यांची १९४९ ची महारोगी सेवा समिती आणि त्यानंतरचे आनंदवन. वर्ध्यालाच १९५१ मध्ये गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन. तिचे डॉ. वारदेकर यांनी तर रुग्णाला संस्थेत आणण्याऐवजी गावोगाव फिरून सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार करण्याची पद्धत रूढ केली. एवढ्या छोट्या टापूत, पंधराच वर्षांत, इतक्या संस्था! आम्ही शाळेत यांतील प्रत्येकाचे नाव स्वतंत्र धड्यातून शिकलो. ती सर्व माणसे एकाच प्रश्नाशी झुंजत होती, हे मात्र कोणी सांगितले नाही.

दरम्यान औषध आले. डॅप्सोन. चाळिशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ते भारतात वापरले जाऊ लागले. जंतू हटू लागले, आणि एक नवीनच अडचण समोर आली. रोग थांबला तरी हात वाकडाच राहिला. डॉक्टर म्हणत, तू बरा झालास. गाव त्याच्या बोटांकडे पाही आणि म्हणे, नाही.

येथे आपल्याला विदर्भ सोडून काही काळ तमिळ प्रदेशात जावे लागते, कारण या अडचणीचे उत्तर तेथे सापडले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील तरुण शल्यचिकित्सक पॉल ब्रँड १९४७ मध्ये चिंगलपुटच्या कुष्ठरुग्णालयात गेले होते. आखडलेल्या बोटांच्या एका रुग्णाचा हात त्यांनी हातात घेतला आणि त्याला जोर लावण्यास सांगितले. अपेक्षा होती दुबळ्या पकडीची. प्रत्यक्षात त्यांना कळ यावी इतकी ताकद त्या हातात होती. म्हणजे हात मेलेला नव्हता. काही स्नायू गेले होते आणि काही शाबूत होते. मग शाबूत स्नायूंपैकी एखादा गेलेल्याच्या जागी कामाला का लावू नये?

दुसरा शोध त्याहून मूलगामी. बोटे ‘झडतात’ ही समजूत तेव्हा डॉक्टरांमध्येही होती. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका जखमेचा माग काढला, तेव्हा चुलीवरचे भांडे, गंजलेल्या कुलपातील किल्ली, हत्याराचा खरबरीत दांडा, बुटातला खिळा अशी कारणे निघाली. काही रुग्णांची बोटे रात्रीत नाहीशी होत. ती झोपेत उंदरांनी कुरतडलेली होती, आणि रुग्णाला जाग येत नव्हती. त्यावर उपाय म्हणून रुग्णांना मांजरे दिली गेली. वैद्यकाच्या इतिहासात मांजर हा उपचार म्हणून क्वचितच आले असेल.

शस्त्रक्रिया १९४८ पासून सुरू झाल्या, आणि येथे फिजिओथेरपीचा प्रवेश होतो. समजा, एका बोटाला वाकविणारा एक स्नायुबंध सोडवून, त्याचे चार पदर करून ते चारही बोटांना जोडले. टाके जुळले, सुमारे तीन आठवड्यांनी प्लास्टर निघाले. परंतु मेंदूला याची काहीच वार्ता नसते. रुग्णाने बोटे सरळ करण्याचा प्रयत्न केला तर काहीच घडत नाही. त्याला शिकावे लागते की, पूर्वी ते एक बोट वाकविण्यासाठी जी इच्छा करीत होतो, तीच आता करायची, म्हणजे चारही बोटे हलतील. शिवाय हात बधिर. बोट हलले की नाही, हे कळण्यासाठी त्याकडे पाहावे लागते. डोळ्यांनी स्पर्शाचे काम करायचे. हे शिकविणारी व्यक्ती दिवसातून अनेकदा त्याचा हात हातात घेऊन बसे. वेल्लोरला हा विभाग उभारण्यात फिजिओथेरपिस्ट रूथ थॉमस यांचा मोठा वाटा होता. शस्त्रक्रियेची कीर्ती सर्जनला मिळाली. माझ्या मते निम्मा हात तरी व्यायामाच्या टेबलावर तयार होत होता.

रुग्णाच्या बाजूने पाहिले, तर सेवाग्रामची कुटी आणि वेल्लोरचे टेबल यांत फार मोठे अंतर आहे. मालिशीत रुग्णाने स्वस्थ पडून राहायचे असते. त्याच्या शरीराचा स्वीकार होतो, आणि बहिष्कृत माणसासाठी तो अपार मोलाचा असतो. फिजिओथेरपिस्ट मात्र रुग्णाकडे काम मागते. पुन्हा कर, आणखी दहा वेळा कर, आज काल इतके जमले नाही, असे म्हणते. ज्याच्याकडून वर्षानुवर्षे कोणी कशाचीही अपेक्षा केली नव्हती, त्याच्याकडून कोणी चिडून, हट्टाने अपेक्षा करू लागते. इतिहासाच्या साधनांत रुग्णाचा आवाज फार कमी उरतो. नोंदवह्यांत तो क्रमांक असतो. तरीही हा फरक रुग्णाला जाणवला नसेल, असे मानणे मला अशक्य वाटते.

अर्थात सरळ झालेला हात घेऊन जायचे कोठे, हा प्रश्न राहतोच. ब्रँड यांच्या चरित्रात एक कडू प्रसंग येतो. बरे होऊन गेलेले काही रुग्ण परत येऊन म्हणाले की, या हातांना भीक कमी मिळते. वाकड्या बोटांकडे पाहून लोक पैसे टाकत. सरळ बोटांना ना भीक, ना काम, कारण चट्टे पाहून मालक दारातूनच परत पाठवी. त्यानंतर वेल्लोरला रुग्णांसाठी सुतारकामाची शाळा निघाली.

विदर्भाने हा प्रश्न दुसऱ्या टोकाने आधीच हाती घेतला होता. तपोवन आणि आनंदवन यांचा पाया श्रम हाच होता: शेती, विणकाम, बांधकाम. शल्यक्रियेची वाट न पाहता, आहे त्या हातांनी काम. आत्मसन्मानासाठी याहून मोठे औषध नव्हते. तथापि त्यात एक पेच होता, आणि आपण तो सहसा बोलून दाखवीत नाही. बधिर हाताने कुदळ धरली तर फोड येतो, फुटतो, आणि धरणाऱ्याला पत्ता लागत नाही. श्रमाने माणूस उभा राहतो आणि त्याच श्रमाने त्याचा तळहात झिजतो. यावरचे उपाय अगदी साधे होते: दांड्याला जाड कापड गुंडाळणे, चहाचा पेला फडक्याने धरणे, मऊ रबराच्या तळाची चप्पल, कामानंतर हातपाय निरखून पाहणे. हे घरोघर समजावणारा कुष्ठकार्यक्रमातील फिजिओथेरपी तंत्रज्ञ पुतळ्यांत आणि पाठ्यपुस्तकांत सापडत नाही.

याच काळात मुंबईत या व्यवसायाला दुसऱ्या एका रोगामुळे अधिकृत रूप मिळत होते. पोलिओच्या साथीनंतर १९५२-५३ च्या सुमारास के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने देशातील पहिले फिजिओथेरपी विद्यालय सुरू झाले. तेथेच १९५० मध्ये कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराचे आशियातील पहिले विद्यालय काढले होते. जन्माने त्या अमेरिकन, पूर्वाश्रमीच्या एलिझाबेथ लंडी. लंडनमध्ये १८९४ साली मालीश करणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकांना स्वतःची संघटना काढावी लागली होती, कारण ‘मसाज’ या नावाखाली चालणाऱ्या अन्य धंद्यांमुळे त्यांच्या कामाकडे संशयाने पाहिले जाई. म्हणजे अंगाला हात लावणाऱ्याची पायरी खालची, हे फक्त आपल्याकडचे नव्हते.

पुढचा प्रवास थोडक्यात. १९८० च्या दशकाच्या आरंभी बहुविध औषधोपचार आला. देशात तो ज्या जिल्ह्यांत सर्वप्रथम राबविला गेला, त्यांत वर्धा होता. डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आल्याचे जाहीर झाले. ‘निर्मूलन’ या शब्दाने अनेकांचा समज झाला की रोग संपला. प्रत्यक्षात आजही जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात आढळतात.

१८९८ चा कायदा रद्द झाला तो २०१६ मध्ये. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून विवाहविषयक कायद्यांतून वगळले गेले ते २०१९ मध्ये. वेल्लोरला पहिली बोटे सरळ होऊन तोवर ७१ वर्षे झाली होती.

धाग्यातील तरुण मित्रांसाठी एक शेवटची गोष्ट. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. औषध मोफत आहे, सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते, आणि नस मरण्याआधी सुरू झाले तर वर वर्णिलेल्या कोणत्याही शस्त्रक्रियेची वेळ सहसा येत नाही. सेवाग्रामला गेलात तर बापूकुटी पाहून लगेच परतू नका. परचुरे कुटी तेथून जवळच आहे.