बिनपावतीचा दाखला

सरकारी शाळेत खडूची पेटी घेतली तरी पावती लागते. हेरांवर खर्च झालेल्या पैशाला मात्र एक दाखला पुरतो. ‘रक्कम खर्च झाली, तपशील देणे इष्ट नाही’ अशा आशयाच्या ओळी आणि खाली सही.

याचं मूळ संशयात आहे. तिसऱ्या जॉर्जच्या इंग्लंडात गुप्त निधीतून खासदार फितवले जातात, अशी ओरड होती. एडमंड बर्कच्या १७८२च्या कायद्याने देशातल्या गुप्त खर्चावर वर्षाला १०,००० पौंडांची मर्यादा घातली. परदेशातल्या गुप्त खर्चासाठी मंत्र्याला शपथ घ्यावी लागे. म्हणजे ही शपथ होती ती लगाम म्हणून.

अमेरिकेने १७९० साली जॉर्ज वॉशिंग्टनला परदेशी कामांसाठी वर्षाला ४०,००० डॉलर दिले. जे सांगण्याजोगं नाही त्याची फक्त रक्कम कळवायची. १७९३च्या कायद्याने तर अध्यक्षाचा दाखला हेच व्हाउचर ठरवलं.

१८४६मध्ये या व्हाउचरचा कस लागला. माजी परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर यांनी हा पैसा मेन राज्यात, ब्रिटनशी होणाऱ्या सीमाकराराला अनुकूल मत तयार करण्यासाठी वापरल्याचा आरोप झाला. परदेशासाठीचा पैसा घरच्याच वर्तमानपत्रांकडे वळला होता! प्रतिनिधिगृहाने हिशेब मागितला. अध्यक्ष पोक यांनी नकार दिला, पण महाभियोगाची चौकशी असेल तर सभागृहापासून काहीच लपवता येणार नाही, हेही मान्य केलं. मला ही कबुली नकाराहून मोलाची वाटते. पुढे चौकशी होऊन वेबस्टर निर्दोष ठरले.

१९४९च्या कायद्याने सीआयएच्या संचालकालाही तसाच दाखला देण्याचा अधिकार दिला. पण आता एकूण रक्कमही दिसेनाशी झाली. सार्वजनिक पैशाचा हिशेब वेळोवेळी प्रसिद्ध करावा, असं तिथल्या राज्यघटनेत लिहिलेलं असताना! एक करदाता त्याच कलमावर बोट ठेवून कोर्टात गेला. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्याला दाद मागण्याचा अधिकारच नाकारला. सिनेटची कायम देखरेख समिती १९७६मध्ये आली. २००७मध्ये कायद्यानेच सीआयएसह राष्ट्रीय गुप्तचर कार्यक्रमाचा एकूण आकडा जाहीर करायला लावला: ४३.५ अब्ज डॉलर. त्यामुळे कुठला हेर उघडा पडला नाही.

आपल्याकडे आयबी आणि रॉ माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४मुळे बहुतांशी त्या कायद्याबाहेर आहेत. संसदीय देखरेख मागणारी याचिका २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. या यंत्रणांचा खर्च बंद दाराआड तपासणारी संसदेची कायम समिती भारतात आजही नाही. ती हवी, हे आपल्या खासदाराला जरूर सांगा.