कापसाचा भुंगा आणि एका मार्काचा प्रश्न

काल अभ्यासिकेत एक कृषी पदवीधर पोरगा मोठ्यानं पाठ करत होता, “डिस्ट्रक्टिव्ह इन्सेक्ट्स अँड पेस्ट्स ॲक्ट, १९१४.” म्हटलं, बाबा, १९१४ सालीच का? म्हणाला, “सर, साल विचारतात, का ते विचारत नाहीत.”

म्हणून ही पोस्ट.

कापसाच्या बोंडात सोंड खुपसून अंडी घालणारा एक भुंगा १८९० च्या दशकात मेक्सिकोतून टेक्सासात शिरला. पुढच्या तीसेक वर्षांत त्यानं अमेरिकेचा दक्षिणेकडचा अख्खा कापूसपट्टा गाठला. इकडे मुंबईच्या गिरण्या बारीक सुतासाठी अमेरिकन कापूस मागवत होत्या. गाठीत एखादी सरकी राहिली आणि तिच्यात भुंगा असला, तर तो आपल्याकडे उतरणार. १९०६ साली आयात गाठींना विषारी वायूची धुरी सक्तीची झाली, आणि १९१४ मध्ये कायदा. इंग्रजांना वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची काळजी होती की गिरण्यांची अन् महसुलाची, हे तुम्हीच ठरवा. पण तो भुंगा आजतागायत भारतात वस्तीला आलेला नाही, हेही खरंच. आणि कायदा अजून चालू आहे. २००३ चा क्वारंटाइन आदेश त्याच्याच आधारानं निघाला.

आता उलटी बाजू. १ मे २०१४ पासून युरोपनं आपला हापूस बंद केला. भर हंगामात. कारण काय, तर आदल्या वर्षीच्या मालात फळमाशी सापडली होती. तेव्हा आपल्याकडे ‘गोऱ्यांचं कारस्थान’ म्हणून बरीच ओरड झाली. (मीही तसाच मथळा दिला होता, कबूल.) पण १०० वर्षांपूर्वी आपल्या बंदरात त्यांच्या कापसाला जो नियम लागला, तोच आता आपल्या पेटीला लागला होता. २०१५ च्या जानेवारीत बंदी उठली. फळमाशीवर उपाय म्हणजे ४८ अंशांच्या गरम पाण्यात आंबा तासभर ठेवायचा.

अमेरिकेला मात्र एवढ्यानं भागत नाही. कोयीतला भुंगा पाण्यानं मरत नाही. त्यासाठी लासलगावचं विकिरण केंद्र कामी आलं. ते उभारलं होतं मुळात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून! २००७ पासून तिथून आंबा अमेरिकेला जाऊ लागला.

हे सगळं सांगितल्यावर पोरानं विचारलं, “सर, मग तपासणीत किडा जिवंत निघाला तर पेटी पास की नापास?”

प्रश्न फक्कड आहे. गरम पाण्याच्या पेटीत निघाला, तर प्रक्रिया फसली, नापास. विकिरणाच्या पेटीत निघाला, तर तेवढ्यावरून नापास करता येत नाही. किरणांनी कीड लगेच मरेलच असं नाही, पण तिची पुढची पिढी होत नाही. निरीक्षकानं किडा नाही, डोसची नोंद बघायची.

पोरानं हे वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. पुढच्या पानावर सनावळ्याच होत्या.