पायीं आलेल्यांची काशी

काशीस जाण्याचें नुसतें नित्य बोलत राहिलें तरी पुण्य लागतें, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. या समजुतींत श्रद्धा आहे, तशी थोडी विवशताहि आहे. आगगाडी नव्हती त्या काळीं महाराष्ट्रांतून काशीस जाणें म्हणजे महिनेच्या महिने चालणें होतें. वाटेंत नद्या, जंगलें, चोर आणि रोगराई. यात्रेकरू निघे तो घरच्यांचा बहुधा अखेरचा निरोप घेऊनच. तरीहि माणसें जात. आणि तीं सारीं सरदार-सावकारांपैकीं नसत. खांद्यावर पडशी, हातांत काठी आणि कमरेच्या कशांत चार रुपये, एवढ्यावर निघणारेच पुष्कळ. असा मनुष्य शेंकडों कोस चालून परक्या मुलखांतील एवढ्या मोठ्या शहरांत शिरला म्हणजे त्यानें निजावें कोठें, जेवावें कोठें आणि वाट विचारावी कोणास? या साध्या प्रश्नांचीं उत्तरें शोधूं लागलें म्हणजे काशीच्या इतिहासाचें एक निराळेंच पान उघडतें.

पेण तालुक्यांतील वरसईचे विष्णुभट गोडसे हे अशा यात्रेकरूंपैकींच एक. घरीं दारिद्र्य आणि कर्ज. उत्तरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तेथें दक्षिणा मिळेल, या आशेनें ते आपल्या चुलत्यांसह १८५७ सालीं घरून निघाले आणि नेमके त्या वर्षाच्या रणधुमाळींत सांपडले. झांशीचा वेढा त्यांनीं आंत राहून पाहिला. मिळविलेलें द्रव्य लुटलें गेलें, जीव मात्र वांचला. पुढें त्यांनीं ही सारी हकीकत लिहून ठेविली व चिंतामणराव वैद्यांनीं ती ‘माझा प्रवास’ या नांवानें १९०७ सालीं प्रसिद्ध केली. लढायांच्या वर्णनांसाठीं हें पुस्तक वाचलें जातें; परंतु मुळांत ती एका निर्धन पांथस्थाची कहाणी आहे, आणि काशी ही त्या पांथस्थाच्या वाटेवरील मोठी आशा होती.

काशीची रचनाच पायीं हिंडणाऱ्यास सोयीची आहे. पूर्वेकडे वाहत जाणारी गंगा येथें वळण घेऊन उत्तरेकडे तोंड करिते. दक्षिणेस असीचा ओहोळ आणि उत्तरेस वरणा नदी. या दोहोंच्या मध्यें, गंगेच्या पश्चिम तीरावरील उंचवट्यावर, जुनें शहर वसलेलें आहे. समोरचा तीर सखल व रेताड. पावसाळ्यांत पाण्याखालीं जाणारा. त्यामुळें वस्ती एकाच तीरावर राहिली आणि तिला नदीचें टोक सुटलें नाहीं. असीहून चालूं लागलें कीं उजव्या हातास प्रवाह आणि डाव्या हातास शहर. चौऱ्यायशीं घाट म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांच्या पायऱ्यांवरून सुमारें चार मैलांत वरणासंगम येतो. वाट चुकलेल्या परक्यानें एवढेंच करावें, कीं उताराची गल्ली धरावी. ती बहुधा त्याला नदीवर आणून सोडते. पावसाळ्यांत मात्र पायऱ्या बुडाल्या म्हणजे हा राजमार्ग बंद होतो.

ज्याच्या हातीं नकाशा नाहीं त्याला तीर्थविधि हाच नकाशा होता. सोळाव्या शतकांत नारायणभट्टांनीं प्रयाग, काशी व गया या तीन क्षेत्रांच्या विधींविषयीं ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ रचिला. नारायणभट्टांचें घराणें मूळचें पैठणचें. शिवछत्रपतींना १६७४ सालीं राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे याच घराण्यांतले. काशीच्या पंचतीर्थीचा क्रम पाहण्यासारखा आहे: प्रथम असी, मग दशाश्वमेध, तेथून थेट उत्तर टोकास आदिकेशव, आणि तेथून मागें फिरून पंचगंगा व शेवटीं मणिकर्णिका. म्हणजे हा विधि करणारा मनुष्य सारा नदीकांठ चालून जातो आणि त्याचा मोठा भाग परत फिरतांना पुन्हां पाहतो. पंचक्रोशीची प्रदक्षिणा याहून मोठी, पांच दिवसांची. कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर व कपिलधारा हे तिचे मुक्काम. या मुक्कामीं धर्मशाळा बांधल्या गेल्या, त्या पायीं येणाऱ्यांसाठींच.

या वाटेवरील दगड मात्र आपोआप रचले गेले नाहींत. विश्वेश्वराचें मंदिर औरंगजेबाच्या आज्ञेनें १६६९ सालीं पाडलें गेलें. पुढच्या शतकांत मराठ्यांचें राज्य काशीवर कधींच झालें नाहीं, परंतु त्यांचा पैसा तेथें पोहोंचला. दशाश्वमेधाचा घाट पेशवे बाळाजी बाजीराव यांच्या कारकीर्दींत, १७४८ च्या सुमारास, बांधून निघाला. नारायण दीक्षित कायगांवकर यांनीं ब्रह्माघाट व दुर्गाघाट यांच्या बांधणीस हात घातला आणि त्या भागांत मराठी वस्ती रुजली. विश्वेश्वराचें नवें मंदिर अहल्याबाई होळकरांनीं १७८० च्या सुमारास उभें केलें. नागपूरकर भोसल्यांचा घाट त्याच शतकाच्या अखेरचा. बायजाबाई शिंद्यांनीं १८२८ सालीं ज्ञानवापीच्या विहिरीवर खांबांचा मंडप घातला. मात्र त्यांनीं मांडलेला शिंदेघाट स्वतःच्याच भारानें खचून नदींत गेला. अमृतराव पेशवे काशीवासास राहिले. मोरोपंत तांब्यांची कन्या, पुढें झांशीची राणी झालेली लक्ष्मीबाई, हिचा जन्महि काशीचाच.

इतिहासकार या बांधकामांत राजकारण पाहतात, आणि तें होतेंहि. पण त्यांचा उपयोग कोणी केला? संध्याकाळीं ज्याच्याजवळ बिऱ्हाडाचें भाडें नसे, त्याला घाटावरील ओवरी हेंच घर. रात्रीं डोक्यावर दगडी छत, पहांटे समोर उगवता सूर्य, आणि स्नानाला पायरीभर अंतर. राजांनीं आपल्या पुण्यासाठीं बांधलें, तें पांथस्थाच्या पाठीस टेकावयास मिळालें.

जेवणाची सोय अन्नछत्रांत होई. अन्नपूर्णेच्या नगरींत कोणी उपाशी निजत नाहीं, असें काशीकर अभिमानानें सांगतात. परंतु या उदारतेला दोन बाजू होत्या, आणि दुसरी झांकून ठेवणें बरें नव्हे. पुष्कळ छत्रांतील पान ब्राह्मणासाठीं मांडलेलें असे. ज्यांना अस्पृश्य मानलें गेलें, त्यांना मंदिराचें दारच बंद होतें. ज्याला छत्रांत प्रवेश, त्यालाहि घाटावरील गंगापुत्र आणि पंडे दक्षिणेसाठीं गांठीतच. शिवाय सरकारचा हात निराळा. प्रयागास पायीं येणाऱ्या यात्रेकरूकडूनहि कंपनी सरकार एक रुपया कर घेई. हा कर १८४० सालीं उठला. ज्याचा कसाच चार रुपयांचा, त्याला एक रुपया म्हणजे काय, हें सांगावयास नको.

तरी याच काशीनें कबीरासारखा विणकर आणि रैदासासारखा चांभार संत दिला, हेंहि विसरतां येत नाहीं. पंचगंगेच्या पायऱ्यांवर पहांटेच्या अंधारांत कबीर निजून राहिला, रामानंदांचा पाय त्याला लागला आणि त्यांच्या तोंडून निघालेलें रामनाम हाच त्यानें मंत्र मानिला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो. मठाचें दार ज्याला उघडलें नसतें, त्याला गुरु भेटला तो चालत्या वाटेवर, एवढें मात्र ती सांगून जाते.

घाट सोडून वर चढलें कीं गल्ल्यांचें जाळें लागतें. दगडी फरसबंदी, दोहों बाजूंस चार-चार मजली घरें, आणि वाट इतकी अरुंद कीं समोरून पोळ आला म्हणजे मनुष्यानें ओट्यावर चढून उभें राहावें. येथें श्रीमंताची गाडी शिरत नाहीं. तिची आणि गरिबाची चाल एकच होते. टांकसाळीवर अधिकारी म्हणून आलेल्या जेम्स प्रिन्सेप या तरुण इंग्रजानें १८२० नंतरच्या दहा वर्षांत या शहराचा नकाशा तयार केला, लोकांची मोजणी केली, आणि घाटांचीं व रस्त्यांचीं चित्रें काढिलीं. पंचगंगेवरील मशिदीचे डळमळीत झालेले उंच मनोरे त्यानें सांवरले. त्यांतला एक १९४८ सालीं कोसळला.

पुढें काळ पालटला. १८६२ सालीं आगगाडी नदीपलीकडे मोगलसराईस आली आणि १८८७ सालीं राजघाटाजवळ गंगेवर पूल झाला. महिन्यांची वाट दिवसांवर आली. २०२१ च्या डिसेंबरांत मंदिरापासून गंगेपर्यंत प्रशस्त मार्ग खुला झाला. त्यासाठीं मधल्या दाट वस्तींतील शेंकडों इमारती काढल्या गेल्या. यात्रेकरूंची दाटी त्यानें हलकी झाली, हें खरें. आणि गल्लींतून वळत वळत एकाएकीं कळस दिसण्याचें जुनें सुख उणें झालें, हेंहि खरें. या दोहोंचा हिशेब ज्यानें त्यानें आपल्यापुरता करावा. जुन्या दात्यांनीं मात्र एक गोष्ट जाणली होती: शहराची थोरवी त्याच्या कळसावरून मोजली जाते, पण त्याचें मन कळतें तें रात्रीं मुक्कामास आलेल्या निर्धनाला तें कोठें टेकूं देतें यावरून.

गोडसे भटजी घर सोडून निघाले ते कर्ज फेडण्यासाठीं. तें द्रव्य वाटेंतच गेलें. परत येतांना त्यांनीं खांद्यावर आणिली ती गंगोदकाची कावड. ती शेंकडों कोस सांभाळीत ते वरसईस पोहोंचले आणि त्या पाण्यानें त्यांनीं आईबापांना स्नान घातलें. काशीस जाण्याचें जीं नुसतें बोलत राहिलीं असतीं, त्या वृद्धांच्या दारीं काशी अशी पायीं चालत आली.