नवा फोन घ्यावा का? एका वादाचा इतिहास

हातातला फोन व्यवस्थित चालत असताना नवा घ्यावा का, हा आयफोनभोवतीचा वाद अमेरिकेत ११ जुलै २००८ रोजी सुरू झाला. त्या दिवशी ॲपलचा दुसरा फोन, आयफोन ३जी, विक्रीला आला. पहिला फोन तेव्हा जेमतेम वर्षाचा होता. नव्या फोनमध्ये वेगवान इंटरनेट आणि जीपीएस होते. पाठ मात्र धातूऐवजी प्लॅस्टिकची झाली होती. त्या वर्षाची सर्वांत मोठी सुधारणा म्हणजे ॲप स्टोअर. ते जुन्या फोनवरही मोफत मिळत होते, म्हणजे त्यासाठी नवा फोन घेण्याची गरजच नव्हती.

गर्दी खेचली ती किमतीने. आधी ३९९ डॉलरला मिळणारा आठ जीबीचा फोन आता १९९ डॉलरला मिळू लागला. मात्र त्यासाठी एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीशी दोन वर्षांचा करार करावा लागे, आणि इंटरनेटचे मासिक शुल्क २० डॉलरवरून ३० डॉलरवर गेले होते. महिना दहा डॉलर या हिशेबाने दोन वर्षांत २४० डॉलर जास्त जात. किमतीत वाचले होते २००. स्वस्त झालेला फोन प्रत्यक्षात महाग पडत होता.

पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या करारात आहे. फोनची उरलेली किंमत दूरध्वनी कंपनी ॲपलला देई आणि ग्राहकाच्या मासिक बिलातून हळूहळू वसूल करी. दोन वर्षे संपली तरी बिल कमी होत नसे. जुना फोन जपून वापरणारा माणूस न घेतलेल्या फोनचे पैसे भरत राही. दर दोन वर्षांनी फोन बदलण्याची अमेरिकन रीत हौसेइतकीच या व्यवहारातूनही रुजली. २००९मध्ये ३जीएस आला, तेव्हा आदल्या वर्षीच्या ग्राहकांना सवलतीची किंमत नाकारली गेली, कारण त्यांचा करार अर्धाच झाला होता. तक्रारींचा भडिमार झाल्यावर एटी अँड टीने काही ग्राहकांपुरता नियम सैल केला.

भारतात करारावर स्वस्त फोन मिळण्याची सोय नव्हती. २२ ऑगस्ट २००८ रोजी एअरटेल आणि व्होडाफोनमार्फत आयफोन ३जी आला तो ३१,००० रुपयांना. १९९ डॉलरचा आकडा वाचून बसलेल्या ग्राहकांना तो धक्काच होता. पूर्ण किंमत स्वतः मोजायची असल्याने इथल्या ग्राहकाला पहिल्यापासूनच फोन किती वर्षे टिकेल आणि विकताना किती मिळतील हे विचारावे लागले. अमेरिकन ग्राहकाला हे प्रश्न पडायला आणखी काही वर्षे लागली.

मधल्या काळातला वाद मुख्यतः गुणदोषांचाच राहिला. २०१०च्या आयफोन ४चा पडदा त्या वेळी अतुलनीय होता, पण कडेच्या धातूच्या पट्टीतच अँटेना असल्याने फोन विशिष्ट प्रकारे धरला की सिग्नल घसरे. १६ जुलै २०१० रोजी ॲपलचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी पत्रकार परिषद घेऊन ग्राहकांना मोफत कव्हर देऊ केले. २०१२च्या आयफोन ५मध्ये चार्जिंगचा पोर्ट बदलला. जुन्या तीस पिनांच्या केबल निरुपयोगी झाल्या आणि जोडणीसाठी २९ डॉलरचे ॲडॉप्टर घ्यावे लागले. त्याच वर्षी ॲपलचे नवे नकाशे इतके चुकीचे निघाले की कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांना जाहीर माफी मागावी लागली.

मार्च २०१३मध्ये टी-मोबाईल या अमेरिकेतल्या दूरध्वनी कंपनीने करारांची पद्धत मोडली. फोनची किंमत आणि सेवेचे शुल्क वेगळे झाले. २०१५मध्ये व्हेरायझन आणि जानेवारी २०१६मध्ये एटी अँड टीही त्या वाटेने गेल्या. आता हप्ते फिटले की बिल खरोखर उतरत होते. जुना फोन ठेवण्यात प्रथमच रोख फायदा दिसू लागला.

अशा वेळी सप्टेंबर २०१६मध्ये आयफोन ७ आला. तो पाणी सोसणारा होता, कॅमेरा सुधारला होता, पण हेडफोनचा जॅक काढलेला होता. एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या जोडणीपासून उत्क्रांत झालेला हा जॅक कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नव्हता, आणि म्हणूनच कोणाचेही हेडफोन कोणत्याही फोनला चालत. ॲपलचे फिल शिलर यांनी मंचावरून या निर्णयामागचे कारण ‘धैर्य’ असे सांगितले. आत जागा वाचली हे खरे; पण त्याच कार्यक्रमात कंपनीने १५९ डॉलरचे बिनतारी एअरपॉड्सही जाहीर केले, हेही तितकेच खरे. जुने हेडफोन जोडण्यासाठी फोनसोबत दिलेले छोटे ॲडॉप्टर २०१८पासून खोक्यातून गायब झाले. सॅमसंगनेही २०१९च्या नोट १०मध्ये जॅक काढला. ग्राहकाच्या दृष्टीने हा निव्वळ तोटा होता.

सर्वांत गंभीर प्रकरण डिसेंबर २०१७मध्ये उघडकीस आले. बॅटरी थकलेले जुने आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून सॉफ्टवेअर त्यांचा वेग कमी करत होते, आणि हे ग्राहकांना स्पष्ट सांगितलेले नव्हते. कारण तांत्रिकदृष्ट्या समजण्याजोगे होते. लपवाछपवी मात्र अक्षम्य होती. फोन मंदावला म्हणून नवा घेणाऱ्या कित्येकांचे काम नुसत्या नव्या बॅटरीने भागले असते. ॲपलने माफी मागितली आणि २०१८ या वर्षापुरती बॅटरी बदलण्याची किंमत ७९ डॉलरवरून २९ डॉलर केली. २ जानेवारी २०१९ रोजी टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना उत्पन्नाचा अंदाज घटवल्याचे कळवले. त्यासाठी दिलेल्या कारणांत चीनमधल्या मंदीबरोबर दूरध्वनी कंपन्यांच्या घटलेल्या सवलती आणि स्वस्त बॅटरीबदल हीही होती. फेब्रुवारी २०२०मध्ये फ्रान्सने वेग कमी करण्याच्या याच प्रकरणी ॲपलला अडीच कोटी युरोंचा दंड केला.

त्यानंतर हा वाद कायद्याच्या कक्षेत गेला. युरोपीय संघात २० जून २०२५पासून लागू झालेल्या नियमांनुसार बॅटरीने ८०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही किमान ८० टक्के क्षमता राखली पाहिजे, विक्री थांबल्यानंतर सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि किमान पाच वर्षे सॉफ्टवेअरच्या सुधारणा उपलब्ध राहिल्या पाहिजेत.